अस्लान कोण, हे मुलांना आधी सांगू नका

ताई, सप्रेम सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वास्कोच्या तुमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मे महिन्याच्या सुट्टीत मुलांचा वर्ग भरतो आणि त्यात नार्नियाचा पहिला चित्रपट, म्हणजे २००५ सालचा, दाखवायचं ठरतं आहे. त्यात पीटर, सुझन, एडमंड आणि लूसी ही चार भावंडं एका कपाटातून नार्निया नावाच्या जगात शिरतात. एडमंड दगा करून चेटकिणीकडे जातो, आणि त्याच्या बदल्यात अस्लान हा सिंह दगडी मेजावर मरण पत्करतो व पहाटे पुन्हा उठतो. मुलं सहा ते चौदा वर्षांची. शेजारची काही हिंदू मुलंही वर्गाला येतात. काही पालकांनी जादूवरून हरकत घेतली आहे. लहान मुलं घाबरतील अशी भीती आहे. आणि सिंह म्हणजे प्रभू येशू हे मुलांना नीट कळावं म्हणून पाठ चित्रपटाआधी घ्यावा की नंतर, हे ठरत नाही.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. आधी पाठ घेऊ नका. मध्येच चित्रपट थांबवून 'बघा, हा आपला येशू' असंही सांगू नका. गोव्यातल्या मराठी मंडळ्यांमध्ये मी बरीच वर्षं संडे स्कूल घेते. हा चित्रपट वेगवेगळ्या वयाच्या गटांबरोबर पाहिला आहे आणि माझं हे मत दरवेळी अधिक पक्कं झालं आहे. ज्या मुलांना उत्तर आधी मिळतं, ती गोष्ट पाहायची सोडून जोड्या लावत बसतात. सिंह म्हणजे येशू, चेटकीण म्हणजे सैतान, एडमंड म्हणजे येशूला धरून देणारा यहूदा, दगडी मेज म्हणजे वधस्तंभ. चार जोड्या जुळल्या की त्यांचं काम संपलं. अशा मुलाला अस्लान मेल्याचं दुःख होत नाही, कारण तो पुन्हा उठणार हे आपण सांगून ठेवलेलं असतं. ज्याला ते मरण लागलंच नाही, त्याला पहाटेचा आनंद कुठून होणार?

ही गोष्ट लिहिणारे सी. एस. लुईस ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकवत. तरुणपणी ते देव मानत नव्हते, १९३१ मध्ये ते ख्रिस्ती विश्वासाकडे परतले. या चित्रपटामागचं पुस्तक १९५० साली निघालं आणि मालिकेतलं सातवं १९५६ मध्ये. सुरुवात कुठल्याही धड्यापासून झाली नव्हती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला एक फॉन, अर्धा माणूस आणि अर्धा बोकड, हे चित्र सोळाव्या वर्षापासून त्यांच्या मनात होतं. सिंह फार नंतर आला. अस्लानला येशूचं रूपक म्हणणंही त्यांना मान्य नव्हतं. ते म्हणत, समजा नार्नियासारखं जग खरोखरच आहे आणि देवाचा पुत्र आपल्या जगात मनुष्य झाला तसा त्या जगातही अवतरला, तर काय घडेल? मूल अशा कल्पनेत सहज शिरतं, तिथे त्याला आपल्या मदतीची गरज नसते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या क्रमाने ही पुस्तकं निघाली त्यातल्या तिसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस अस्लान मुलांना सांगतो की तुमच्या जगात माझं नाव वेगळं आहे आणि त्या नावाने मला ओळखायला तुम्ही शिकायला हवं. ते नाव तो तिथेही उच्चारत नाही. खुद्द लेखकाने इतका धीर धरला आहे, तर आपणही आठवडाभर धरावा.

आता एडमंडविषयी, कारण या चित्रपटात मुलांच्या सगळ्यात जवळचा तोच आहे आणि आपले बहुतेक शिक्षक त्याला 'वाईट मुलगा' म्हणून दोन वाक्यांत संपवतात.

चित्रपट लंडनवरच्या बाँबहल्ल्याने सुरू होतो. पुस्तकात युद्धाचा उल्लेख जेमतेम एका वाक्यात आहे, दिग्दर्शक अँड्र्यू अ‍ॅडमसन यांनी तो पूर्ण प्रसंग केला आहे. आपल्या मुलांना याची पार्श्वभूमी नसते, तेव्हा एवढं आधी जरूर सांगा: सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताना ब्रिटनमधल्या शहरांतून अवघ्या काही दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना खेडोपाडी हलवलं गेलं. त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं होती, आईबापांशिवाय. ऑक्सफर्डजवळच्या लुईस यांच्या घरीही अशी मुलं राहायला आली होती. तर या हल्ल्याच्या रात्री सगळे आडोशाकडे धावत असताना एडमंड उलटा घरात पळतो, कशासाठी? युद्धावर गेलेल्या वडिलांचा फोटो आणायला. आणि त्याबद्दल थोरल्या भावाचं, पीटरचं, ओरडणं खातो.

इथे मुलांकडे पाहा. गोव्यात वडील बोटीवर, आखातात किंवा नौदलात असलेली घरं किती आहेत हे तुम्हांला मी सांगायला नको. नगर-सोलापूरकडून नोकरीसाठी इथे आलेल्या आपल्या कुटुंबांतही बाप महिनोन्‌महिने घराबाहेर असतो. अशा घरातला दहा वर्षांचा मुलगा त्या फोटोपाशी एडमंडला ओळखतो. त्यानंतर एडमंड लूसीला चिडवतो, खोटं बोलतो, भावंडांना सोडून चेटकिणीकडे जातो, तरी या मुलाने त्याला आपल्यातून काढून टाकलेलं नसतं. तो त्याच्याबरोबर त्या बर्फाच्या वाड्यापर्यंत चालत जातो. म्हणून 'एडमंड कसा चुकला' हा प्रश्न विचारू नका. तो प्रश्न मुलाला तत्काळ न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवतो आणि तिथून उठवणं अवघड जातं.

चेटकीण एडमंडला ज्या मिठाईने भुलवते, त्या मिठाईचंही असंच. एका मिठाईसाठी कुणी भावंडांना विकतं का, हा प्रश्न हमखास येतो. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून साखर रेशनवर होती, हे सांगितलं की मोठी मुलं विचारात पडतात. लहानांसाठी मी पेराद आणते, पेरूची ती घट्ट लाल वडी, वरून पिठीसाखर भुरभुरवून. चित्रपटातल्या टर्किश डिलाइटच्या ती दिसण्यातही बरीच जवळ जाते. पण ती पहिला भाग संपल्यावर द्या, चालू असताना नको. खाताना एकच सांगा: पुस्तकातली ती मिठाई मंतरलेली आहे, जितकी खावी तितकी हाव वाढते आणि खाणारा मरेपर्यंत थांबणार नाही. बाकीचं मुलं बोलतील. मोबाइलवरच्या खेळाचं नाव आपसूक निघतं, आणि ते आपण काढण्यापेक्षा त्यांनी काढलेलं कितीतरी बरं.

यानंतर जो प्रसंग येतो तो माझ्या लेखी पूर्ण चित्रपटाचा गाभा आहे, आणि तो इतका छोटा आहे की निसटून जातो. एडमंडची सुटका झाली आहे. सकाळी उठून भावंडं पाहतात तर दूर खडकावर अस्लान आणि एडमंड बोलत उभे आहेत. काय बोलले ते आपल्याला ऐकू येत नाही. मग अस्लान त्याला भावंडांकडे आणतो आणि झालं ते झालं, त्याविषयी त्याच्याशी पुन्हा बोलायची गरज नाही, एवढंच सांगतो. पुस्तकातही ते संभाषण दिलेलं नाही.

मुलं विचारतात, 'काय बोलले असतील?' हा प्रश्न आला की उत्तर देऊ नका. लूक २४:३४ काढा. प्रभू खरोखर उठला आहे आणि शिमोनाला, म्हणजे पेत्राला, दिसला आहे, असं अकरा शिष्य सांगतात. ज्या पेत्राने तीनदा नाकारलं त्याला येशू एकट्याला भेटला, आणि त्या भेटीत काय बोलणं झालं हे चारही शुभवर्तमानांत कुठेच नाही. मुलं हे वाचून गप्प होतात आणि ती शांतता लगेच मोडू नका. क्षमा ही चारचौघांत जाहीर करण्याची गोष्ट नाही, हे आपल्या मंडळ्यांनाही शिकण्यासारखं आहे. किती वेळा आपण मुलाला सगळ्यांसमोर उभं करून 'सॉरी म्हण' म्हणतो!

आणि म्हणूनच 'एडमंड म्हणजे यहूदा' ही जोडी मला चुकीची वाटते. यहूदा परत आला नाही. एडमंड परत येतो, युद्धात चेटकिणीची कांडी तोडतो, जिवावरची जखम झेलतो आणि शेवटी राजा होतो. त्याला मिळणारी पदवी 'न्यायी' अशी आहे. ज्याने दगा केला त्यालाच ही पदवी का मिळावी, हे चौदा वर्षांच्या मुलांना विचारून पाहा, तासभर बोलतील.

दाखवायचं कसं, ते आता. चित्रपट जवळपास दोन तास वीस मिनिटांचा आहे. सहा वर्षांच्या मुलाला एका बैठकीत तो झेपत नाही आणि मे महिन्यात दुपारी पडदे लावून बंद केलेल्या सभागृहात मोठ्यांनाही झेपणार नाही. दोन संध्याकाळी करा, दिवस मावळल्यावर. पहिला दिवस नाताळबाबा मुलांना भेटी देतो तिथे थांबवा. बर्फ वितळायला लागलेलं असतं, लहान मुलं धीराने घरी जातात, आणि एडमंड अजून कैदेत आहे हा घोर रात्रभर राहतो. तो राहू द्या. दुसऱ्या दिवशी मात्र एक नियम पाळाच: अस्लानचं मरण आणि त्याचं उठणं यांच्या मध्ये कुठलीही सुट्टी घेऊ नका. वीज गेली तर ती येईपर्यंत मुलांना घरी सोडू नका.

भीतीची काळजी रास्त आहे. अमेरिकेत या चित्रपटाला पालकांच्या मार्गदर्शनाची सूचना आहे, ती लढाई आणि भीतिदायक प्रसंगांसाठीच. लांडगे अंगावर येतात तिथे लहान मुलं दचकतात, पण ते लवकर ओसरतं. दगडी मेजाची रात्र वेगळी आहे. मशाली, ओरडणारी विद्रूप गर्दी, बांधलेला सिंह, त्याची आयाळ कापतात, हसतात. सात वर्षांखालच्या मुलांना मी दुसऱ्या दिवशी बसवतच नाही. त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत तोच भाग मराठीतून तोंडी सांगते. तोंडी गोष्टीत सिंह किती मोठा आणि अंधार किती गडद हे मूल स्वतः ठरवतं, पेलवेल तेवढंच. बाकीच्यांसाठी आवाज थोडा कमी ठेवा, मागचा एक दिवा चालू ठेवा, आणि कुणालाही उठून बाहेर जाता येईल, त्याबद्दल कुणी हसणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा. बाहेर एक नव्हे, दोन मोठी माणसं असू द्या.

भाषेचं एक अडतं. मराठी शाळेतल्या लहान मुलांना त्या इंग्रजी उच्चारांचा पत्ता लागत नाही. म्हणून युद्ध, चार भावंडं, प्राध्यापकांचा मोठा वाडा आणि लपाछपीत सापडलेलं कपाट एवढं मराठीतून आधी सांगा आणि कपाटाच्या दारापाशी थांबा. चालू चित्रपटात कुजबुजत भाषांतर करणारा मोठा मुलगा शेजारी बसवू नका, त्याने दोघांचाही चित्रपट जातो.

संपल्यावर लगेच चर्चा नको. सरबत द्या, पळू द्या. पाठ पुढच्या रविवारी. तेव्हा पवित्र शास्त्र उघडा, पण सिंहाचं नाव न घेता वाचा. यशया ५३:७ वाचा, जिथे लोकर कातरणाऱ्यांपुढे मेंढरू गप्प राहतं, तसा तो आपलं तोंड उघडत नाही असं लिहिलं आहे. कुणीतरी ओरडतंच, 'आयाळ!' मग मत्तय २७:५१, मंदिरातला पडदा फाटला, पृथ्वी कापली, खडक फुटले. मेज दुभंगलेलं सगळ्यांना आठवतं. लूक २३ आणि २४ मध्ये दुरून पाहणाऱ्या आणि पहाटे कबरेकडे जाणाऱ्या स्त्रिया वाचल्या की मुलींना सुझन आणि लूसी दिसतात, आणि पहिली बातमी त्यांनाच का मिळाली हा सुंदर प्रश्न येतो. योहान २०:२२ मध्ये येशू शिष्यांवर फुंकर घालतो. चेटकिणीच्या जादूने दगडाचे पुतळे झालेल्यांवर अस्लानही तेच करतो. आता मुलांनी शोधलेलं आहे, म्हणून ते त्यांचं आहे.

काही कठीण प्रश्न येतील, त्यांची तयारी ठेवा. 'येशूने पेत्राला तलवार म्यानात घाल म्हटलं, मग इथे पीटरला नाताळात तलवार का मिळते?' मोठं, प्रामाणिक कोडं आहे हे. लुईस स्वतः पहिल्या महायुद्धात लढले होते आणि युद्ध नेहमीच वर्ज्य असतं असं ते मानत नव्हते. अनेक ख्रिस्ती लोक तसं मानतात. दोन्ही बाजू सांगा. 'सैतानही गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो असं १ पेत्र ५:८ मध्ये आहे ना?' आहे, आणि प्रकटीकरण ५:५ मध्ये यहूदा वंशाचा सिंहही आहे, तो येशू. सिंह चांगला की वाईट हे त्याच्या गर्जनेवरून कळत नाही, तो जीव घेतो की देतो यावरून कळतं, असं मी सांगते. आणि तिसरा: 'अस्लान फक्त एडमंडसाठी मेला, येशू तर सगळ्यांसाठी.' अगदी बरोबर. इथे गोष्ट आणि शुभवर्तमान वेगळी होतात, आणि ज्या मुलाला हा फरक दिसला त्याचं मनापासून कौतुक करा.

जादूची हरकत घेणाऱ्या पालकांना उडवून लावू नका. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात चेटूक आणि मंत्रतंत्र स्पष्ट निषिद्ध आहे, त्यांची काळजी शास्त्रातूनच आलेली आहे. त्यांना बोलवून आधी चित्रपट दाखवा. चेटकिणीची जादू भुलवणारी आणि दगड करणारी आहे, एकही मूल ती शिकत नाही, हे त्यांचं त्यांना दिसेल. बोलणाऱ्या प्राण्यांवर आक्षेप असला तर गणना २२ मधली बलामाची गाढवी आणि शास्ते ९ मधली राजा निवडायला निघालेली झाडं दाखवा. शिवाय आपण गोव्यात आहोत. १६१६ साली रायतूरला छापलेलं फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण म्हणजे पवित्र शास्त्राची कथा मराठी ओव्यांत, पुराणाच्या रूपात. विश्वास गोष्टीच्या अंगाने सांगण्याची वाट या मातीत चारशे वर्षांपूर्वीच पडलेली आहे. एवढं करूनही कुणाचं मन तयार नसेल तर त्या मुलांना त्या दोन संध्याकाळी दुसरा कार्यक्रम द्या. त्यांना वाळीत टाकल्यासारखं वाटता कामा नये.

हिंदू घरांतून येणाऱ्या मुलांच्या पालकांना मात्र स्पष्ट सांगा: गोष्ट कल्पनेची आहे, लेखक ख्रिस्ती होते, नंतरच्या रविवारी आम्ही येशूविषयी बोलणार आहोत. लेखी संमती घ्या आणि त्या रविवारी यायचं की नाही हे त्यांच्यावर सोडा. यातलं एखादं मूल अस्लानला पाहून नरसिंहाचं नाव घेईल, वेलिंगचं देऊळ त्याने पाहिलेलं असेल. त्याला गप्प करू नका, 'हे वेगळं' म्हणून झटकू नका. त्याला ती गोष्ट सांगू द्या आणि बाकीच्यांना ऐकू द्या. प्रल्हादाची कथा ऐकून आपल्या मुलांचं काही बिघडत नाही, आणि आपलं ऐकून घेतलं गेलं हे ते मूल घरी जाऊन सांगतं.

राहिली परवानगी. ओटीटीचं खातं घरापुरतं असतं. सभागृहात जमलेल्या मुलांपुढे दाखवणं हे तिकीट नसलं तरी सार्वजनिक प्रदर्शन आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी हौशी मंडळींनी केलेल्या नाटक-गाण्यांना सवलत आहे, चित्रपटाला ती लागू होत नाही. चोरी करू नये हे ज्या वर्गात शिकवतो तिथे या बाबतीत डोळेझाक करणं मला पटत नाही. पाळकांच्या सहीने वितरकांकडे रीतसर परवानगी मागा, आणि तारीख ती हातात आल्यावरच जाहीर करा. मेपर्यंत मिळाली नाही तर चित्रपट दिवाळीच्या सुट्टीवर ढकला आणि या वर्गात गोष्ट मराठीतून तोंडी सांगा, रोज अर्धा तास. पाठाविषयी वर जे लिहिलं ते तेव्हाही तसंच लागू आहे.